वाघ, छत्री आणि दोन जावई

"कंप्युटरचा निकाल मी आज लावतो. अर्धा तास पुरे!" शालिग्राम महाजनांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं.

ही घोषणा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधीची. घोषणा करण्यात शालिग्रामबाबूंचा हात धरणारा अख्ख्या बऱ्हाणपुरात कोणी नव्हता. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढून ते बडे बाबू म्हणून रिटायर झाले होते. एवढ्या वर्षांत आपल्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही, असं ते छाती फुगवून सांगत. एकही कागद पुढे सरकला नाही, असं बाकीचे लोक सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"अर्ध्या तासात तर तो चालू पण नाही होत, पप्पा," धाकटी रजनी म्हणाली.

हेही खरंच होतं. बटण दाबून शालिग्रामबाबू आंघोळीला जात, देवपूजा उरकत, पेपर वाचत, आणि परत येऊन बघावं तर पडद्यावरचं वाळूचं घड्याळ अजून उलटंपालटं होतंच आहे! एकदा तर रजनीने मधल्या वेळात अर्धा किलो शेंगा सोलल्या. घरात ब्रॉडबँड येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि कंप्युटरला म्हातारपण आलं होतं.

एरवी शालिग्रामबाबूंनी ते चालवून घेतलं असतं. संथ कामाची त्यांना सवय होती, किंबहुना गोडी होती. पण या कंप्युटरमध्ये परिचय पुस्तिका होती.

समाजाचं उपवर मुलामुलींचं परिचय संमेलन पुढच्या महिन्यात भरायचं होतं. त्यासाठी एकशे सत्याऐंशी मुलामुलींचे फोटो, उंची, शिक्षण, मामाचं कूळ, केळीचं क्षेत्र किती एकर, सगळं शालिग्रामबाबूंनी तीन महिने खपून एका बोटाने टाइप केलं होतं. उंची आणि पगार लोक वाढवून सांगत आणि वय कमी करून सांगत. शालिग्रामबाबू बिनतक्रार लिहून घेत. तुकईथडहून एक आई बसने धक्के खात आली होती. पोराचा फोटो तिने हातरुमालात गुंडाळून आणला होता, आणि जाताना तीन वेळा म्हणाली, "बाबूजी, फोटो जरा मोठा टाकजा."

समाजाचे अध्यक्ष कौतिकराव यांनी त्यांतले चाळीस फोटो पेनड्राइव्हमधून आणून दिले होते आणि बजावलं होतं, "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सगळं प्रेसला पायजे, बाबूजी. शेवटच्या पानावर संपादक म्हणून नाव तुमचंच हाये."

नाव! शालिग्रामबाबूंनी आयुष्यभर हजारो पत्रं लिहिली, आणि प्रत्येकाखाली सही साहेबांची. त्यांचं स्वतःचं नाव छापून आलेलं फक्त एकदाच, लग्नाच्या पत्रिकेत, आणि तिथेही आडनाव चुकलं होतं. हे शेवटचं पान त्यांनी सगळ्यात आधी टाइप करून ठेवलं होतं.

आता या कंप्युटरला झालं काय होतं? तर त्याला दोन पहारेकरी होते, आणि दोन्ही जावयांनी बसवलेले होते.

थोरली वंदना भुसावळला दिली होती. जावई रमेशराव रेल्वेत. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी एक सीडी आणली. "मामा, घराला कुलूप असते ना? कंप्युटरलेबी पायजे. आमच्या ऑफिसात हेच चालते." नाव होतं टायगर गार्ड. मालतीबाईंनी रीतीप्रमाणे सीडीला हळदकुंकू लावलं, त्यामुळे ती तासभर चाललीच नाही. मग कापसाने पुसून बसवली. तेव्हापासून कंप्युटर सुरू झाला की त्यातून वाघाची डरकाळी ऐकू येई. पहिल्या दिवशी मालतीबाईंच्या हातून पापडाचा डबा पडला होता.

मधली कोकिळा इंदूरला. जावई अरविंदराव कंप्युटरच्याच कंपनीत. ते संक्रांतीला आले, डरकाळी ऐकली आणि पोट धरून हसले. "मामा, हा वाघ नाही, शेळी आहे! व्हायरस समोरून निघून जातो आणि हा झोपा काढतो." लगेच त्यांनी स्वतःचा एक प्रोग्राम बसवला. त्याला हिरव्या छत्रीचं चित्र होतं, आणि दर दोन तासांनी आतून एक बाई गोड आवाजात सांगे, "युवर कंप्युटर इज प्रोटेक्टेड!" अरविंदराव म्हणाले, "तो वाघ तेवढा काढून टाका," आणि इंदूरची बस पकडायला पळाले.

आता काढा म्हणणं सोपं आहे. जावयाने बसवलेली वस्तू सासऱ्याने काढायची? या घराची रीत काय होती, ते सांगायला पाहिजे. वंदनाच्या सासरहून हंसाच्या आकाराचं भिंतीवरचं घड्याळ आलं होतं. कोकिळाच्या सासरहून शंख-शिंपल्यांचा गणपती आला होता. पुढच्या खोलीत खिळा एकच. भुसावळचे पाहुणे यायचे म्हटलं की हंस टांगायचा, इंदूरचे यायचे म्हटलं की गणपती. पाहुणे गेले की दोघंही पेटीत. सगळी घरं अशीच चालतात, आणि संसार अशानेच टिकतात.

म्हणून गेले तीन महिने वाघ आणि छत्री एकाच कंप्युटरमध्ये नांदत होते.

"पप्पा, दो अँटीव्हायरस एकसाथ नाही चालत," रजनी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात तिचं कोणी ऐकत नसे. "एक रखो. कोणता पण. पण एक."

"कोणता पण कसा? नियम असतो काही!"

आणि शालिग्रामबाबूंनी कोरं रजिस्टर काढलं. रकाने पाडले. नाव. नियुक्तीचा दिनांक. शिफारस कोणाची. कामगिरी. वर्तणूक. ज्येष्ठतेत वाघ पुढे, पावणेतीन महिन्यांनी. शिक्षणात छत्री पुढे. कामगिरीचा रकाना भरायला त्यांनी रजनीला दोघांचे अहवाल काढायला लावले. वाघाने आजवर एकेचाळीस गुन्हेगार पकडले होते. रजनीने नीट पाहिलं, तर त्यातले चाळीस छत्रीचेच तुकडे होते! छत्रीने साठ पकडले होते, आणि ते साठच्या साठ वाघाचे.

"म्हणजे चोर सोडून हे दोघं एकमेकांलाच धरू राहिले?" शालिग्रामबाबू थक्क झाले.

"दिवसभर. म्हणून तर हँग होतो."

शालिग्रामबाबूंना आपल्या कचेरीतल्या दोन छोट्या बाबूंची आठवण झाली आणि त्यांना दोन्ही प्रोग्रामांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तेवढ्यात शनवारा भागातला कंप्युटरवाला चुडामण आला. हा कंप्युटर त्यानेच जोडून दिला होता. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाबूजी, एका म्यानात दोन तलवारी नाही राहत. दोन्ही काढा. मी एक देतो, फ्री आहे. आवाज नाही, चित्र नाही, चुपचाप काम करतो."

"फुकटचा?" शालिग्रामबाबूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ना आगा, ना पिछा. शिफारस कोणाची?"

"शिफारस कोणाचीच नाही, म्हणून तर काम करतो!" चुडामण म्हणाला, सीडी रजनीच्या हातात देऊन गेला आणि रजनीने ती खणात ठेवली.

अर्ध्या तासाचे तीन तास झाले आणि निर्णय झाला. दोघंही राहतील. पण पाळीपाळीने! सोम-मंगळ-बुध वाघ, गुरू-शुक्र-शनी छत्री, रविवारी साप्ताहिक सुट्टी. एकाला बंद करून दुसऱ्याला कसं उठवायचं हे रजनीने शिकवलं, त्यांनी ते रजिस्टरात पायऱ्यांसह लिहून घेतलं आणि खाली सही केली. कंप्युटर खरंच जरा हलका चालू लागला. शालिग्रामबाबू दोन दिवस स्वतःवर खूश होते.

मग आली आखाजी.

आखाजीला दोन्ही लेकी चार दिवस आधीच माहेरी आल्या होत्या. अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता, दोघी त्यावर बसून सासरची उणीदुणी काढत होत्या. सणाच्या दिवशी जावई जेवायला यायचे होते. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. इथे दहावा आणि अकरावा एकाच दिवशी येत होते, पण शालिग्रामबाबूंचं वेळापत्रक तयार होतं. रमेशराव दहाच्या गाडीने येणार, जेवून दोनला जाणार. अरविंदराव चारच्या बसने येणार. सकाळी वाघ, दुपारी छत्री. सकाळी हंस, दुपारी गणपती. मधले दोन तास बदली-पदस्थापनेसाठी राखीव.

रमेशराव दहाला आले. पाय धुतले, पाणी प्यायले आणि थेट कंप्युटरपुढे बसले. "मामा, आमचा वाघ कसा काय?"

"ऐका!" शालिग्रामबाबूंनी बटण दाबलं. यथावकाश डरकाळी झाली. रमेशरावांचा चेहरा उजळला. हंसाच्या घड्याळाकडे बघून तर तो आणखीच उजळला.

"सहा महिने झाले, एक व्हायरस नाही!" शालिग्रामबाबू म्हणाले.

"युवर कंप्युटर इज प्रोटेक्टेड!" आतून बाई म्हणाली.

रमेशराव दचकले. "हे कोण बोललं?"

शालिग्रामबाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. छत्रीला त्यांनी स्वतः बंद केलं होतं, सातही पायऱ्या वाचून! त्यांना काय ठाऊक, की नवी माहिती उतरवायला ती महिन्यातून एकदा आपणहून जागी होते? "रजनी... रजनी अभ्यास करू राहिली आत. इंग्रजी."

"मी इथे उभी आहे, पप्पा," दारातून रजनी म्हणाली.

"युवर कंप्युटर इज प्रोटेक्टेड!"

आणि फाटकातून आवाज आला, "मामा, रामराम! माझी छत्री बोलू राहिली, मी रस्त्यावरूनच ओळखली!"

अरविंदराव! साडेअकराला! मित्राची गाडी इच्छापूरला देवीच्या दर्शनाला निघाली होती, त्यात बसून साडेचार तास आधी! शालिग्रामबाबूंनी खिळ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि हातपाय गाळले.

दोघे साडू एका सोफ्यावर बसले. साडूंचं नातं मोठं गोड असतं. कोणी कोणाला वाईट बोलत नाही.

"वाघ अजून आहे वाटतं," अरविंदराव हसून म्हणाले. "जुन्या वस्तू सांभाळणं मामांकडून शिकावं."

"छत्री चांगली आहे," रमेशराव हसून म्हणाले. "पावसाळ्यात लागते."

"आपण बघू ना साडूभाऊ, कोण काय पकडतं ते."

"बघू ना! तुम्ही आधी."

"नाही नाही, तुम्ही मोठे. तुम्ही आधी."

शेवटी दोघांनी एकदमच सुरू केलं. कंप्युटर घरघरायला लागला, त्याच्या पंख्यातून गरम वारा यायला लागला. शालिग्रामबाबू खुर्चीची पाठ धरून मागे उभे राहिले. छत्रीने वाघाचे बावीस तुकडे धरले. अरविंदराव म्हणाले, "बघा!" वाघाने छत्रीचे एकतीस धरले. रमेशराव म्हणाले, "आता बघा!" मग छत्री एका जागी थांबली, टिंग टिंग वाजली आणि तिने एक लाल पाटी दाखवली. कौतिकरावांच्या पेनड्राइव्हमधून खरोखरीचा एक व्हायरस येऊन बसला होता, समाजातल्या चाळीस घरांचं पाणी प्यालेला. तो ज्या फोल्डरमध्ये होता तो अख्खा फोल्डर छत्रीने उचलला आणि स्वतःच्या कोठडीत टाकला.

"धरला!" अरविंदरावांनी टाळी वाजवली.

वाघाला कोठडी दिसली. छत्रीची कोठडी म्हणजे वाघाच्या दृष्टीने चोरांचा अड्डाच. त्याने विचारलं, सगळं साफ करू का? रमेशरावांची साडूपुढे मान खाली जायची वेळ आली होती. त्यांनी वाचलं नाही, विचारलं नाही, फक्त बटण दाबलं. छत्रीने कोठडीत टाकलेलं सगळं वाघाने कोठडीसकट गिळलं आणि विजयाची डरकाळी फोडली.

"साफ!" रमेशराव म्हणाले.

रजनी पुढे आली. तिने माऊस घेतला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मग हळूच म्हणाली, "पप्पा, परिचयचा फोल्डर कुठे आहे?"

अंगणात झोक्याचा कुरकुर आवाज येत होता, तो थांबला.

शालिग्रामबाबू खाली बसले. एकशे सत्याऐंशी पोरं! तीन महिने, एक बोट! उद्या कौतिकरावांना काय सांगायचं? जावयांनी खाल्ली? त्यांना तुकईथडची ती आई आठवली, रुमालात गुंडाळलेला फोटो आठवला, आणि भर सणाच्या दिवशी, दोन जावयांदेखत, त्या माणसाला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. स्वतःच्या नावाचं पानही त्यातच गेलं होतं, पण ते त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर आठवलं.

रजनीने चुडामणला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"फाइल अजून आत आहे, बाबूजी," चुडामण म्हणाला, "मिटली नाही. परत काढून देतो, तरकीब रजनीबाईला सांगतो. पण पहिले दोन्ही पहारेकरी बाहेर करा. नाही तर फाइल वर आली की एक धरेल आणि दुसरा गिळेल, मग मी पण काही नाही करू शकत."

फोन बंद झाला. शालिग्रामबाबूंनी जावयांकडे पाहिलं. आता म्हणायचं होतं एवढंच, की तुमचा काढतो. पण ते म्हणण्याऐवजी ते रजिस्टर चाळायला लागले.

"काढा ना, मामा," रमेशराव छताकडे बघत म्हणाले. "वाघ काढा. आम्ही काय, रेल्वेची साधी माणसं."

"छे छे, छत्रीच काढा," अरविंदराव जमिनीकडे बघत म्हणाले. "मी काय, लहान जावई. लहानाचं कोण ऐकतं?"

"तसं नाही, दोन्ही..." शालिग्रामबाबू म्हणाले.

"पण आधी कोणतं?" दोघांनी एकदम विचारलं.

आत स्वयंपाकघरात वंदना म्हणाली, "दिवाळीला हौसेने आणलेली वस्तू!" त्यावर कोकिळा म्हणाली, "हौसेची? फुटपाथवरची सीडी ती!" त्यावर वंदनाने काय म्हटलं ते भांडं पडल्यामुळे ऐकू आलं नाही. रमेशराव उठून चपला शोधायला लागले. "मी निघतो. पॅसेंजर आहे." अरविंदराव म्हणाले, "मलापण भूक नाही. मित्राला फोन करतो." लग्नात रुसले नव्हते तेवढे दोघं आता रुसले.

मालतीबाई हातात पळी घेऊन दारात आल्या. खापरावर मांडे भाजून त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, रजनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोठी चालले? मांडे थंडे होऊ राहिले. पितरांची घागर भरली, पान वाढलं, आणि जवाई उपाशी जाईन माह्या दारातून? बसा दोघं!"

हा आवाज वेगळाच होता. चपला पायातून सुटल्या.

जाता जाता मालतीबाई नवऱ्याच्या कानाशी बोलल्या, "पोरगी काम करेपर्यंत उठू देऊ नका. वाढत राहा."

मग जे जेवण झालं तसं बऱ्हाणपुरात आजवर झालं नसेल. जावई आत पानावर, रजनी बाहेर कंप्युटरवर, कानाला फोन. मधलं दार ओढून घेतलेलं. शालिग्रामबाबूंच्या एका हातात आमरसाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात मांड्यांचं ताट.

पहिला मांडा झाला. दुसरा झाला. "बस, मामा," रमेशरावांनी पानावर हात आडवा धरला.

बाहेरून रजनी ओरडली, "आई, अजून पंधरा मिनिटं!"

"घ्या हो, एक तर घ्या!" शालिग्रामबाबूंनी आडव्या हाताखालून मांडा सरकवला. "आमच्या गळ्याची शपथ!"

"कसली पंधरा मिनिटं?" अरविंदरावांनी विचारलं.

"कुरड्या तळू राहिले," मालतीबाई म्हणाल्या, आणि खरोखरच तळायला बसल्या.

वाघ सहजासहजी निघेना. खरंच काढू का, असं त्याने तीन वेळा विचारलं आणि शेवटी जाताना एक भली मोठी डरकाळी फोडली. रमेशरावांचा घास हातात राहिला. "वाघ का ओरडला?"

"खूश झाला!" शालिग्रामबाबू म्हणाले. "तुमचं जेवण पाहून. रस घ्या, रस!"

कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा होता. त्याला तिसरा मांडा लागला. मग छत्री. ती बाई तर निरोपाचं भाषणच करायला लागली. "वी आर सॉरी टू सी यू गो!"

अरविंदरावांनी कान टवकारले. "काय म्हणाली ती?"

"ती म्हणते, मांडा घ्या अजून," मालतीबाईंनी सांगितलं आणि वाढला.

कंप्युटर पुन्हा बंद, पुन्हा सुरू. चौथा मांडा. चुडामणची तरकीब, त्याला पाचवा आणि दोन वाट्या रस. जावई आता घामाघूम झाले होते. रमेशरावांनी पट्टा सैल केला, अरविंदरावांनी बोलणं बंद केलं. शालिग्रामबाबू मात्र वाढायचे थांबत नव्हते. सहाव्या मांड्यावर दोन्ही जावयांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यात साडूंची चुरस उरलीच नव्हती. एकाच संकटात सापडलेले दोन भाऊ दिसत होते.

"झालं!" बाहेरून रजनी ओरडली. "एकशे सत्याऐंशी! सगळे आले!"

शालिग्रामबाबूंनी पातेलं खाली ठेवलं, डोळे मिटले आणि भिंतीला टेकले. मग त्यांनी सकाळपासूनचा पहिला मांडा खाल्ला. थंड झाला होता, चामड्यासारखा लागत होता. इतका गोड मांडा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.

पान उचलल्यावर जावई हळूहळू पुढच्या खोलीत आले. आता विचारणा होणार, हे शालिग्रामबाबूंनी ओळखलं. पण पडद्यावर बघतात तो काय, डाव्या कोपऱ्यात वाघ, उजव्या कोपऱ्यात छत्री, दोघं जागच्या जागी!

"चित्रं ठेवली आहेत फक्त," रजनी त्यांच्या कानात म्हणाली. "आत काही नाही. चुडामणभाऊंचा फुकटवाला टाकला आहे, व्हायरस त्यानेच धरला. पुस्तिका प्रेसला पण गेली, ईमेलने, आत्ताच. कंप्युटर दोन मिनिटांत चालू होतो, पप्पा!"

रमेशरावांनी सासऱ्याला हळूच बाजूला घेतलं. "मामा, वाघ राहिला ना? मग त्याची छत्री का दिसू राहिली?"

शालिग्रामबाबूंचं बत्तीस वर्षांचं कचेरीतलं ज्ञान एका क्षणात जागं झालं. "नुसती पाटी आहे हो," ते कुजबुजले. "साडूचं मन राखायला. आत काही नाही."

रमेशराव समाधानाने हसले आणि पंख्याखाली आडवे झाले. पाच मिनिटांनी अरविंदरावांनी दुसऱ्या बाजूला घेतलं. "मामा, तो वाघ?"

"नुसती पाटी! मोठे जावई आहेत, मन राखावं लागतं. आत काही नाही."

एकाच दुपारी दोन्ही जावयांना शंभर टक्के खरं सांगून दोघांनाही खूश करणारा सासरा समाजात दुसरा झाला नसेल. दोघे साडू शेजारी शेजारी घोरत पडले. दोनची पॅसेंजर गेली, मित्राची गाडी परत येऊन तासभर वाट बघत उभी राहिली, पण मांडे कोणाला उठू देत नव्हते. शेवटी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोघं एकाच गाडीत बसून निघाले, रमेशरावांना स्टेशनवर सोडायचं ठरवून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

शालिग्रामबाबू ओट्यावर येऊन बसले. लेकी पुन्हा झोक्यावर गेल्या होत्या आणि आता दोघी मिळून नवऱ्यांच्या पोटावर हसत होत्या. मालतीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. शालिग्रामबाबूंचं मन तृप्त झालं होतं. पुस्तिका गेली, नाव छापून येणार, जावई खूश, कंप्युटर पळतो. घोषणा करावी असं त्यांना फार वाटायला लागलं.

"पाहिलं का, मालती? याला म्हणतात प्रशासन! पाटी दोघांची ठेवायची, आणि काम तिसऱ्याकडून करून घ्यायचं, चुपचाप. कोणाला पत्ता नाही! हे सुचायला डोकं लागते."

मालतीबाईंनी तांदळातला खडा काढून अंगणात टाकला.

"त्यात सुचायचं काय?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "आपल्या दारावर तीस वर्षं झाले, तुमच्याच नावाची पाटी हाये ना?"

झोक्यावरच्या लेकी हसायच्या थांबल्या. मग जास्तच हसायला लागल्या.

शालिग्रामबाबूंनी वळून दाराकडे पाहिलं. 'शा. ग. महाजन', पितळी अक्षरं, नीट झळकत होती. रोज कोण घासत होतं कोणास ठाऊक. त्यांनी घसा खाकरला, ओट्यावर पडलेलं लिंबाचं एक पान उचलून खाली टाकलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग... रात्रीच्या जेवणाचं काय ठरलं आहे आपलं?"